कोको वर कोणी नेला?

जुन्या रहस्यकथांवरचा एक वाद कित्येक वर्षं फिरून फिरून त्याच जागी येतो, आणि दरवेळी तो वाचला की मला वाटतं दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवावं, मध्ये चहाची भरलेली किटली ठेवावी आणि पहिला कप कोण उचलतं ते बघत बसावं. वाद असा. एका बाजूचं म्हणणं, जेवणाच्या टेबलावर कुणीतरी मान टाकतो, कपात विष निघतं, मग एखादी स्वेटर विणणारी म्हातारी किंवा मिशांना मेण लावणारा गृहस्थ सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून गुन्हेगार दाखवतो, ही सगळी 'कोझी', म्हणजे ऊबदार, बिनधोक भानगड आहे, खून असूनही रक्ताचा थेंब नाही, आणि पानं भरायला मेनूची वर्णनं. दुसरी बाजू म्हणते, हो, आहेच कोझी, मग बिघडलं कुठे, दिवसभर पिचून घरी आलेल्या माणसाला पांघरूण घेऊन असंच काहीतरी वाचायचं असतं, तुमचा वास्तववाद तुमच्याकडे ठेवा. एक बाजू हिणवते, दुसरी मिरवते, पण गंमत बघा, मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे. जेवण म्हणजे सजावट आणि विष म्हणजे सभ्य हत्यार, हे दोघांनीही न तपासता धरून चाललंय.

माझं म्हणणं बरोब्बर उलट आहे. जेवण आणि विष एकत्र येतात त्या कथा हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात कमी कोझी माल आहे. पिस्तूल घेऊन येणारा माणूस बाहेरून येतो, त्याला बघून ओरडता येतं, पळता येतं, दार लावून घेता येतं. ताट घेऊन येणाऱ्या माणसाला काय करणार? त्याला 'थँक्यू' म्हणावं लागतं. आणि त्या कथांमधला मेनू म्हणजे पानं भरायचा उद्योग नाही, तो घराचा नकाशा असतो, कोण शिजवतं, कोण नेऊन देतं, कोण आधी जेवतं, उरलेलं कुणाच्या वाट्याला जातं, आणि कुणाला 'नको' म्हणायची सोय नाही. हे वाचताना जो माणूस 'आला पुन्हा सूप-पुडिंगचा पॅरा' म्हणून पान उलटतो तो पुरावाच उलटून पुढे जातो.

(पुढे दोन-तीन कथांमधली युक्ती फोडणार आहे. सगळ्या साठ-सत्तर वर्षं जुन्या किंवा त्याहूनही आधीच्या आहेत, तेव्हा माफी मागत नाही, पण खुन्याचं नाव शक्यतो झाकून ठेवतो.)

हिणवणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम वकील अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर. १९४४ सालच्या 'द सिंपल आर्ट ऑफ मर्डर' या निबंधात त्याने या इंग्लिश पद्धतीच्या कथांची सालटी काढली आणि डॅशिएल हॅमेट या दुसऱ्या अमेरिकन रहस्यकथाकाराचं कौतुक करताना म्हटलं की याने खून परत त्या माणसांच्या हातात दिला ज्यांच्याकडे खून करायला खरोखर काही कारण असतं. निबंध झकास आहे, मी आजही मधूनमधून काढून वाचतो, आणि बऱ्याच पुस्तकांबद्दल त्याचं म्हणणं खरंही आहे. पण 'खरे' खुनी गल्लीबोळात आणि 'खोटे' खुनी जेवणाच्या टेबलावर, ही वाटणी त्याने कुठून आणली? दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, जॉर्ज ऑर्वेलने 'डिक्लाइन ऑफ द इंग्लिश मर्डर' मध्ये इंग्लंडमधले गाजलेले नऊ खरे खटले काढले, त्यातला जॅक द रिपर वेगळा ठेवला आणि उरलेल्या आठांचा हिशोब मांडला, तर सहा विषप्रयोगाचे निघाले, आणि दहा गुन्हेगारांपैकी आठ मध्यमवर्गीय. पामर डॉक्टर, क्रीम डॉक्टर, क्रिपन औषधांच्या धंद्यातला, सेडन विम्याचा एजंट, आर्मस्ट्राँग वकील. कारणं म्हणाल तर विम्याचे पैसे, मृत्युपत्र, नकोशी झालेली बायको, गावातली अब्रू. म्हणजे चँडलरला ज्या कथा काचेच्या कपाटातल्या वाटत होत्या त्या प्रत्यक्षात कोर्टाच्या रोजनाम्याला बऱ्यापैकी चिकटून होत्या. खून करायला खरोखर कारण असलेली माणसं संध्याकाळी घरी येऊन बायकोसाठी काहीतरी गरम करत होती.

आर्मस्ट्राँगचं प्रकरण तर मी या वादातल्या प्रत्येकाला सक्तीने वाचायला लावीन. वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय हे छोटं गाव, तिथे दोन वकील, हर्बर्ट आर्मस्ट्राँग आणि ऑस्वल्ड मार्टिन, धंद्यात एकमेकांच्या समोर. ऑक्टोबर १९२१ मध्ये आर्मस्ट्राँगने मार्टिनला घरी चहाला बोलावलं आणि लोणी लावलेला स्कोन, 'हाताने देतोय, माफ करा' म्हणत, उचलून त्याच्या पुढे धरला. त्या रात्री मार्टिन उलट्यांनी बेजार झाला. मार्टिनचा सासरा गावातला केमिस्ट, आणि त्यानेच आर्मस्ट्राँगला बागेतलं तण मारायला म्हणून आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, विकलेला होता, त्यामुळे त्याच्या डोक्यात किडा वळवळला आणि नमुने तपासायला गेले. आता खरी कथा इथून पुढे आहे. पोलिस गुपचूप तपास करत होते, आर्मस्ट्राँगला सुगावा लागू द्यायचा नव्हता, आणि इकडे आर्मस्ट्राँग मार्टिनला पुन्हा पुन्हा चहाला बोलावत होता. आठवडेच्या आठवडे. आणि मार्टिनला दरवेळी नवीन, सभ्य, खरी वाटेल अशी सबब शोधावी लागत होती, कारण शेजारच्या माणसाचं चहाचं आमंत्रण विनाकारण नाकारणं म्हणजे उद्धटपणा! शेवटी ३१ डिसेंबरला अटक झाली, दहा महिन्यांपूर्वी वारलेल्या आर्मस्ट्राँगच्या बायकोचं प्रेत उकरून काढलं, त्यात आर्सेनिक सापडलं, आणि मे १९२२ मध्ये त्याला फाशी झाली. आता सांगा, यात कोझी काय आहे? मला तर अंधाऱ्या गल्लीत पाठलाग करणारा माणूस या आमंत्रणापेक्षा परवडला. तिथे निदान तुमच्या भीतीला समाजमान्यता आहे.

या कथांचं खरं इंजिन तेच आहे. शिष्टाचार. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीत, १९२० च्या 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' मध्ये, घरच्या मालकिणीचा रात्रीचा कोको मोलकरीण वर घेऊन जाते आणि ट्रे थोडा वेळ वाटेतल्या टेबलावर ठेवते, बस्स, तेवढ्या वेळात तिथून कोण कोण गेलं यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. कॉफी, कोको आणि झोपताना घ्यायचं औषध, तीन पेले, आणि स्ट्रिकनीन नेमकं कशातून गेलं हा प्रश्न. उत्तर निव्वळ रसायनशास्त्राचं आहे, कारण ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करत होती, १९१७ मध्ये तिने त्याची परीक्षाही दिली होती, आणि पुस्तकाचं परीक्षण चक्क 'फार्मास्युटिकल जर्नल' मध्ये छापून आलं, तेही कौतुकाचं. पण त्या रसायनापर्यंत पोचायला आधी घरात कोण काय पितं, कधी पितं, कुणाच्या हातून पितं हे माहीत असावं लागतं. ते फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणजे संशयितांची यादी म्हणजेच तुमच्या सवयी ओळखणाऱ्या, तुमची काळजी घेणाऱ्या माणसांची यादी. हे वाचून ज्याला पांघरूण घेऊन निवांत झोप लागते त्याच्या मनःशांतीला माझा नमस्कार.

आता थोडं दीर्घकथेबद्दल, कारण हा प्रकार मला तिथेच सगळ्यात जास्त खुलतो असं वाटतं आणि याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. जेवण ही आधीच मोजून-मापून बांधलेली गोष्ट असते. माणसं ठरलेली, खुर्च्या ठरलेल्या, पदार्थ ठरलेल्या क्रमाने येणार, सुरुवात आणि शेवट घड्याळात बसणार. छोट्या कथेत सूप संपेपर्यंत जागा संपते, मोठ्या कादंबरीत त्या एका जेवणाला ताणून ताणून त्याचा चुइंगम होतो. साठ-सत्तर-ऐंशी पानांत मात्र एक जेवण नीट मावतं. रेक्स स्टाउटने नीरो वुल्फ या खवय्या गुप्तहेराच्या चाळीसच्या आसपास दीर्घकथा लिहिल्या, त्यातली पहिली १९४० ची 'बिटर एंड', आणि तिची सुरुवात कशाने होते? घरचा आचारी फ्रिट्झ आजारी, म्हणून बाहेरून आणलेला लिव्हर पाटे ताटात आलाय, वुल्फ पहिला घास घेतो आणि थुंकतो, त्यात क्विनीन. म्हणजे मारणारं विष नव्हेच, नुसतं कडू कोयनेल, पण एका घासात घराबाहेरचं जग, कारखाना, धंद्यातली दुष्मनी सगळं ताटात येऊन पडतं. आणि १९६० च्या 'थ्री ॲट वुल्फ्स डोअर' मधली 'पॉइझन आ ला कार्ट' बघा. खवय्यांच्या एका क्लबची वार्षिक मेजवानी, रांधायला फ्रिट्झ, आणि वाढायला प्रत्येक पाहुण्यामागे एक तरुण नटी भाड्याने आणलेली. पहिल्याच पदार्थात, कॅव्हियार घातलेल्या ब्लिनीत, आर्सेनिक. मग सगळा तपास एकाच प्रश्नाभोवती, कुठली प्लेट कुणी उचलली आणि कुणापुढे ठेवली, कारण वाढताना गडबड झाली, एक मुलगी प्लेट घ्यायला परत आली तर म्हणे तुझ्या पाहुण्याला आधीच मिळाली. नुसतं गणित आहे हो, पण कसलं मानवी गणित! आपल्याला कुणी वाढलं हे त्या बड्या पाहुण्यांना धड आठवतही नाही, कारण वाढणारीचा चेहरा बघायची सवयच नाही.

डोरोथी सेयर्सच्या 'स्ट्राँग पॉइझन' मध्ये (१९३०, ही कादंबरी, पण मुद्दा तोच) सुरुवातीलाच न्यायाधीश ज्यूरीपुढे मेलेल्या माणसाचं त्या रात्रीचं जेवण एकेक पदार्थ करून वाचून दाखवतात. हा पदार्थ दोघांनी खाल्ला, याचं उरलेलं स्वयंपाकघरात नोकरांनी खाल्लं, ऑम्लेट टेबलावरच बनवलं आणि अर्धं अर्धं वाटून घेतलं. जेवणाचा इतका कोरडा, कायदेशीर पाढा मी दुसरीकडे वाचला नाही. आणि त्या पाढ्याचा अर्थ एवढाच की एकत्र जेवण म्हणजे एकमेकांची साक्ष, मीही तेच खाल्लं, मी मेलो नाही, सबब मी निर्दोष. ही समजूत कथेपेक्षा हजारो वर्षं जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचं अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालून बघायला सांगितलंय, धुराचा रंग कसा दिसतो, पक्षी काय करतात, आचाऱ्याने स्वतः चाखून दाखवायचं. राजे गेले, चाखणारे गेले, पण 'तूही घे ना माझ्याबरोबर' या वाक्यातला दिलासा काही गेला नाही, आणि सेयर्सने नेमका त्याच दिलाशावर सुरा चालवला.

'पण मेनू तर नुसता दाखवायला असतो' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक, यात तर विषही नाही. ख्रिस्तीची 'फोर अँड ट्वेंटी ब्लॅकबर्ड्स'. एक म्हातारा वर्षानुवर्षं एकाच हॉटेलात ठराविक वारी येतो, ठराविक गोष्टी खातो, आणि एक दिवस भलत्याच वारी येऊन जे त्याला कधीच आवडलं नाही तेच मागवतो, दाट सूप, किडनी पुडिंग, ब्लॅकबेरी टार्ट. लक्षात कुणाच्या येतं? वाढणाऱ्या बाईच्या. डॉक्टर, पोलिस, नातेवाईक सगळे मृत्यू अपघाती मानून मोकळे झालेले, आणि पुढचा धागा दातांवर ब्लॅकबेरीचा डाग असायला हवा होता की नको यावर येऊन थांबतो. अन्न इथे साक्षीदार आहे. साक्षीदाराची जबानी कंटाळवाणी वाटते म्हणून कुणी कोर्टातून उठून जातं का?

बरं, आता समोरच्यांचे जे मुद्दे खरंच लागतात ते घेऊ. पहिला म्हणजे या कथांमध्ये मरण फार स्वच्छ असतं. हे मान्य, बरंचसं मान्य. सायनाइडने शॅम्पेनचा घोट घेताच माणूस कोसळतो, टेबलक्लॉथही फारसा चुरगळत नाही, ही सोय आहे लेखकाची. खरा आर्सेनिकचा मृत्यू म्हणजे उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणाऱ्या कळा, कधी तासांनी तर कधी दिवसांनी येणारा. पण या घाणीतच त्या विषाची खरी धूर्तता होती, कारण बाहेरून तो पोटाचा साधा आजार दिसायचा. मेरी ॲन कॉटनला १८७३ मध्ये फाशी झाली तेव्हा कळलं की तिच्या घरातली कित्येक मरणं डॉक्टरांनी तशीच पोटाच्या तापात वगैरे लिहून टाकली होती. आणि चांगल्या कथा हे लपवत नाहीत, त्या उलट्यांचं वर्णन न करता नर्सची आणि डॉक्टरची जबानी देतात, वास पानाबाहेर राहतो, अर्थ आत येतो. रसायनात मात्र चुका आहेत, कबूल. 'स्ट्राँग पॉइझन' ज्या कल्पनेवर उभं आहे, की ऑस्ट्रियातल्या स्टायरियाच्या डोंगराळ भागातल्या सोमल खाणाऱ्यांसारखी थोडी थोडी सवय लावून घातक मात्रा पचवता येते, त्यावर आजचे विषतज्ज्ञ नाक मुरडतील. पण निदान त्या पिढीने आपल्यावर काहीतरी बंधन घालून घेतलं होतं, रोनाल्ड नॉक्सच्या रहस्यकथा लिहिण्यासाठीच्या १९२९ च्या दहा नियमांत स्पष्ट आहे की कुणालाच माहीत नसलेलं नवं विष आणायचं नाही. आजच्या कितीतरी मालिकांमध्ये लॅबमधून 'अनट्रेसेबल' काहीतरी येतं आणि कुणाला खटकत नाही.

आणि हे विष आलं कुठून ते विसरून चालणार नाही. त्या काळच्या वाचकाला ताटाची भीती खुन्यामुळे नव्हती, रोजच्या बाजारामुळे होती. फ्रेडरिक ॲकमने १८२० मध्येच अन्नातल्या भेसळीवर अख्खं पुस्तक लिहून खळबळ उडवली. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला मिठाईवाल्याच्या गोळ्यांत साखर वाचवायला जी स्वस्त पांढरी पूड घालायचे तिच्याऐवजी चुकून आर्सेनिक दिलं गेलं, वीसेक माणसं गेली, दोनशेहून जास्त आजारी पडली, आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. १९०० मध्ये मँचेस्टरच्या बाजूला बियरमध्ये आर्सेनिक आलं, बियर बनवायला वापरलेल्या साखरेतून, आणि हजारो लोक आजारी पडले. त्यामुळे कथेत जेवणानंतर सगळ्यांच्या पोटात दुखलं की पहिला संशय डब्यातल्या माशावर जायचा, आणि हा पहिला संशय खोटा नव्हता, तोच तर खुन्याचा आडोसा. बाजार आधीच विष घालत असेल तर त्यात आणखी चिमूटभर कोण मोजणार?

दुसरा आक्षेप, 'विष हे बायकांचं हत्यार' ही खुळचट कल्पना या कथांनी पसरवली. पसरवली, थोडी. पण शोधली नाही. १८५१ मध्ये ब्रिटिश संसदेत आर्सेनिकच्या विक्रीवर कायदा येत होता, विकत घेणाऱ्याची सही रजिस्टरमध्ये, पांढऱ्या पुडीत काजळी किंवा नीळ मिसळायची म्हणजे पिठा-साखरेत खपणार नाही, सगळं शहाणपणाचं, आणि त्यात एक कलम घुसवलं गेलं की आर्सेनिक फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावं. जॉन स्टुअर्ट मिलने गृहमंत्र्याला पत्र लिहून याला कडाडून विरोध केला, की देशातल्या निम्म्या माणसांना कायद्यानेच संशयित ठरवताय तुम्ही. कलम शेवटी गळालं. आता ऑर्वेलच्या यादीतले ते सहा विषप्रयोग पुन्हा मोजा. पामर, क्रीम, क्रिपन, सेडन, आर्मस्ट्राँग, आणि सहावी फ्लोरेन्स मेब्रिक. पाच पुरुष, एक बाई, आणि त्या बाईच्या १८८९ च्या खटल्यावर लोक अजून भांडतात. मग बायकांचं हत्यार ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती स्वयंपाकघरातून आली. ताटाजवळ जी उभी असते तिच्यावर आधी नजर जाते, ताट कुणी पाठवलं ते नंतर बघतात, बघितलंच तर. आणि चांगली कथा नेमकी या सवयीवर खेळते, वाचकाला आधी वाढणारीकडे बघायला लावते आणि मग त्याची चूक त्याच्या पदरात घालते.

तिसरा मुद्दा, की ही पुस्तकं खुन्यांना शिकवतात, तो मी पटकन उरकतो कारण त्यात फारसा दम नाही. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रॅहम यंगने कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांच्या चहातून थॅलियम दिलं, दोघे मेले, आणि लगेच बोट गेलं ख्रिस्तीच्या 'द पेल हॉर्स' कडे, कारण १९६१ च्या त्या पुस्तकात थॅलियम आहे. पण हा यंग १९६२ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, घरच्यांवर विषप्रयोग केला म्हणून आधीच बंद झालेला होता आणि लहानपणापासून विषशास्त्राची खरी पुस्तकं चाळत होता, त्याला म्हाताऱ्या बाईच्या कादंबरीची गरज काय? उलट १९७७ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात कतारहून आणलेल्या एका लहान मुलीचं दुखणं डॉक्टरांना उमगेना, तेव्हा तिच्याजवळच्या नर्सला केस गळताना बघून ती वाचत असलेलं तेच पुस्तक आठवलं, तिने थॅलियमचं नाव घेतलं, आणि ते बरोबर निघालं. पोरगी वाचली. म्हणून पुस्तकं छापा असं मी म्हणत नाही, पण हिशोब मांडायचाच तर दोन्ही रकाने भरा.

राहिला चौथा मुद्दा, आणि हा मला खरंच झोंबतो, यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. नोकर. या कथांमधल्या मोलकरणी बावळट, नाकात बोलणाऱ्या, उठसूट रडणाऱ्या, आणि मालक मंडळी शहाणी. ज्यांच्या हातून प्रत्येक घास जातो त्यांना कथेत माणूस म्हणून जागा नाही, असं टीकाकार म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. कथा सोडा, प्रत्यक्षातही हेच. १८७४ च्या नोव्हेंबरात बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने सकाळचं पपनसाचं सरबत दोन घोट घेऊन फेकलं, तळाला गाळ दिसला, त्यात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं, आणि आळ थेट मल्हारराव गायकवाडांवर. पुढचं चौकशी कमिशन, तीन इंग्रज सदस्यांनी दोषी म्हणणं आणि तीन हिंदी सदस्यांनी ते मान्य न करणं, १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवणं, हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. पण धरपकड आधी कुणाची झाली? रेसिडेन्सीच्या नोकरांची. सगळा खटला हवालदार, जमादार, सरबताच्या पेल्याजवळ गेलेल्या माणसांच्या जबान्यांवर उभा राहिला, त्या जबान्या कशा मिळवल्या यावर कोर्टात खडाजंगी झाली, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी थांबलं नाही. पेला ज्याच्या हातात, गळा त्याचा.

तर रहस्यकथेने हे बघितलंच नाही का? इथे मला दोन ग्लॅडिस दाखवायच्या आहेत. दोघीही ख्रिस्तीच्याच. पहिली १९२७ ची, तिच्या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर मिस मार्पलच्या अगदी पहिल्या कथेतली, 'द ट्यूसडे नाइट क्लब'. रात्री डब्यातला लॉबस्टर आणि ट्रायफल, तिघे आजारी, घरची बाई मेली, संशय आधी लॉबस्टरवर. खरं विष ट्रायफलवर भुरभुरलेल्या रंगीत साखरेच्या दाण्यांत होतं, आणि ते दाणे तिथे घातले मोलकरणीने, ग्लॅडिसने, मालकाने लग्नाची आशा दाखवून तिच्याकडून करून घेतलं, काम झाल्यावर तिला वाऱ्यावर सोडलं. मिस मार्पल कोडं सोडवते, मंडळी वाहवा करतात. ग्लॅडिसच्या वाट्याला शेवटच्या एक-दोन परिच्छेदांत पोटातल्या पोराचा आणि तिचा स्वतःचा मृत्यू येतो, तो सांगणाराही उरकून टाकल्यासारखा सांगतो. इथे टीकाकार जिंकले, मी हात वर करतो.

दुसरी १९५३ ची, 'अ पॉकेट फुल ऑफ राय'. मधे सव्वीस वर्षं गेलीत. पुन्हा श्रीमंत घर, पुन्हा सकाळचा नाश्ता, विष मार्मलेडमध्ये, आणि ते मार्मलेडमध्ये घातलं मोलकरणीने, पुन्हा एका पुरुषाच्या शब्दावर, ज्याने प्रेमाचं नाटक करून तिला सांगितलं की हे विष नाही, खरं बोलायला लावणारं औषध आहे. आणि तिचं नाव? पुन्हा ग्लॅडिस. हा योगायोग असेल, त्या काळात मोलकरणींना कथेत हेच नाव पटकन सुचत असेल, पण तोच सापळा, तोच चमचा आणि तेच नाव, मला तो योगायोग वाटत नाही. फरक एवढाच की या वेळी खुनी तिला गळा आवळून मारतो आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतो, आणि मिस मार्पल त्या घरी येते ती कोडं सोडवायला नाही, ती येते चिडून, त्या चिमट्यामुळे, कारण या पोरीला अनाथाश्रमातून आणून घरकाम तिनेच शिकवलेलं असतं. शेवटच्या पानावर ती घरी परतते तेव्हा टपालात ग्लॅडिसने मरायच्या आधी लिहिलेलं पत्र असतं, इकडे तिकडे फिरून उशिरा पोचलेलं, अडाणी अक्षरातलं, 'आता काय करू ते सांगा' असं विचारणारं, आणि सोबत त्या माणसाचा फोटो.